पडायला जागा, चढायला नाही

आता मेलबर्नच्या साउथ मेलबर्न क्लबचं उदाहरण घ्या. 1959 साली स्थापन झालेला, ग्रीक स्थलांतरितांचा हा फुटबॉल क्लब चार वेळा ऑस्ट्रेलियाचा विजेता ठरला. 2000 साली ब्राझीलमध्ये मँचेस्टर युनायटेडशी खेळला. 2004 साली जुनी राष्ट्रीय लीग संपली आणि तो व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमध्ये आला. तिथले बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो. पहिल्या आलेल्याला करंडक मिळतो, ए-लीगची वाट मात्र मिळत नाही. गुंतवणूकदाराला स्थैर्य हवं, हे मला मान्य आहे. पण मित्रहो, पडण्याचं भय गरिबाला आणि अभय भांडवलाला, याला स्पर्धा कसं म्हणायचं?