झडती आणि नकार

दलित साहित्याच्या चर्चेत ‘नकार’ हा शब्द आपण फार मोठ्या अर्थाने वापरतो. वर्णव्यवस्थेला नकार, देवाधर्माला नकार. परंतु झोपडीच्या दारात उभा राहून शिपायाला “कागद दाखवा” म्हणणाऱ्या माणसाच्या लहानशा नकाराची आपल्या समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. वाचकाचे लक्ष आधी चोरीच्या कसबाकडे जाते. माझ्या मते ते झडतीचे पुस्तक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच संशयास्पद ठरवला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पोलिसी नजर रद्द झाली नाही. जन्म हाच पुरावा असला की घरात शिरणारा काही शोधत नसतो. आधी ठरलेले सिद्ध करीत असतो. दार उघडले तरी चोर, अडवले तरी चोर.

हे पुस्तक शिकवत असताना माहुलच्या वसाहतीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, लपवण्यासारखं काही नसेल तर अडवायचं कशाला?” हा प्रश्न त्याचा नव्हता. त्याच्या दारात तो अनेकदा विचारला गेला होता.

त्याचे उत्तर कायद्यातच आहे. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने आधी कारणे लेखी नोंदवावीत, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५ सांगत होते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ ही तेच सांगते. कारण देण्याचे ओझे पोलिसांवर आहे. कारण विचारणे हाच गुन्ह्याचा पुरावा मानला, की ते ओझे घरधन्याच्या डोक्यावर येते. जो हक्क वापरताच माणूस गुन्हेगार ठरतो, त्याला हक्क कसे म्हणावे?

बाबासाहेबांनी मार्च १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अवाजवी झडतीपासूनचे संरक्षण मूलभूत हक्क म्हणून मागितले होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मान्य केली. तरी ती संमत झाली नाही. पुढे १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेत असे कलम नाही याकडेच बोट दाखवले. खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरायला २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला.

दारातला तर्क मात्र जुनाच आहे. मथुरा प्रकरणात १९७८ साली त्याच न्यायालयाने, आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलीस ठाण्यातल्या अत्याचाराला तिची संमती मानली. गरिबाने प्रतिकार केला नाही तर संमती, केला तर अपराध!

‘उचल्या’तला ‘मी’ पुढे सूतगिरणीत कामगार होतो, संघटना बांधतो. काही जण याला त्याची ‘सुधारणा’ म्हणतील. सुधारायचे कोणी होते, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे. समीक्षेने तो टाळला, तर तीही पंचनाम्यावर न वाचता सही करणाऱ्या पंचासारखीच ठरेल.