मालाडचा दगड आणि सहा हजार वर्षे

मीरा रोडचे एक परिचित ख्रिस्ती कुटुंब आपल्या दोन मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते. थोरली मुलगी पुढे मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देणार आहे. उत्तनच्या आजोळाहून सकाळी निघायचे, गाडीने फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जायचे आणि रात्री परतायचे, असा एक अभ्यासप्रवास त्यांनी केला. त्यासाठी वापरलेली कार्यपत्रके त्यांनी मला वाचायला दिली. अमेरिकेत ख्रिस्ती गृहशिक्षणासाठी छापल्या जाणाऱ्या एका संचातून ती घेतलेली आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्या कार्यपत्रकांचे आहे.

आधी चांगले ते सांगू. मुलांनी निसर्गविज्ञान दालनात अडीच तास घालवले. आपल्या शाळांच्या सहली हेच दालन पाऊण तासात उरकतात, आणि त्यातला निम्मा वेळ रांग सरळ करण्यात जातो. धाकट्याने धनेशाच्या चोचीचे चित्र काढले आहे. ते पाहून काढलेले आहे, पाटीवरून उतरवलेले नाही. ही दृश्यमांडणी पाहत राहण्यासाठीच केलेली आहे. १९२६ साली याच विभागात सालिम अली मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून काम करीत. विभाग उभा करणारे एस. एच. प्रेटर हे पुढे अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून घटना समितीत बसले. मुलांच्या आईवडिलांना ही माहिती नव्हती. ती त्यांना नक्की आवडली असती.

आता कार्यपत्रकांकडे वळू. प्रत्येक प्राण्यापुढे एक चौकोन आहे आणि तो सृष्टीच्या कोणत्या दिवशी निर्माण झाला, तो आकडा त्यात भरायचा आहे. रोहित पाचवा, वाघ सहावा, गवा सहावा. शेवटच्या पानावर प्रश्न आहे: पृथ्वीचे वय किती? उत्तर तिथेच छापले आहे, सुमारे सहा हजार वर्षे. या आकड्यामागे जुनी परंपरा आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरवला. अमेरिकेत केंटकी राज्यातील पीटर्सबर्ग येथे २००७ साली उघडलेले ‘क्रिएशन म्युझियम’ आजही सहा हजारांच्या आसपासचाच आकडा मांडते.

हे वाचून हसणे सोपे आहे. पण आपल्या वर्गातला मुलगा दुसरा आकडा कसा शिकतो, तेही पाहावे. ‘पृथ्वीचे वय ४५० कोटी वर्षे’ हे तो पाठ करतो, आणि तो आकडा कसा काढला असे विचारले तर गप्प बसतो. एक आकडा पाठ केलेला, दुसराही पाठ केलेलाच! या दोघांत फरक करण्याचे साधन आपण त्याला दिलेले नाही. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गाळला, तेव्हा शाळेतल्या शिक्षणाची फार प्रौढी मिरवण्याचेही कारण नाही.

माझा या कार्यपत्रकांवरचा मुख्य आक्षेप सहा हजारांवर नाही. त्यांनी रस्ता वाया घालवला, हा आहे. अमेरिकेत छापलेल्या कागदाला उत्तन ठाऊक नसणारच. पण या मुलांच्या आजोळापासून जवळच, त्याच धारावी बेटावर, मनोरी आहे. तिथला फिकट रंगाचा खडक ‘ट्रॅकाइट’ नावाचा आहे. तो ज्वालामुखीजन्य आहे आणि त्यात पोटॅशियम भरपूर असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मनोरी आणि साकीनाका येथील ट्रॅकाइटचे वय ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षे निघाले.

ही मोजणी नववीच्या मुलाला समजावता येते. पोटॅशियमचा एक समस्थानिक, पोटॅशियम-४०, किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या विघटनातून शंभरात सुमारे अकरा अणूंचा आर्गॉन वायू होतो, बाकीच्यांचे कॅल्शियम. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो. खडक थिजला की नवा आर्गॉन स्फटिकात अडकून राहतो आणि घड्याळ सुरू होते. सहा कोटी वर्षांत शंभरांपैकी जेमतेम सव्वातीन पोटॅशियम-४० अणू विघटित होतात. म्हणजे मूळच्या दर हजार अणूंमागे साधारण साडेतीन अणू आर्गॉन. खडक सहा हजार वर्षांचा असता तर आर्गॉन याच्या दहा हजाराव्या भागाइतकाच सापडला असता. दोन मतांत दहा हजारपटींचे अंतर आहे, आणि ते मोजता येते. हे गणित फळ्यावर करून दाखवावे.

किरणोत्साराचा दर पूर्वी वेगळा असेल, अशी शंका कोणी काढली तर वाटेत वरळी लागते. तिथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. लाव्हा थंड व्हायचा, त्यावर तळे साचायचे, तळ्यात बेडूक नांदायचे, आणि मग पुन्हा लाव्हा यायचा. एका महापुरात हे सारे बसवायला फार कसरत करावी लागते. इथे आर्गॉनची गरजच पडत नाही.

अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरही गाडी वळवता आली असती. तिच्या उभ्या बेसॉल्ट स्तंभांचे वय वर्तमानपत्रे ‘६.६ कोटी वर्षे’ छापतात. मुंबईच्या खडकांच्या मोजण्या मात्र त्याहून काही लाख वर्षे नव्हे, चांगली पन्नासेक लाख वर्षे अलीकडच्या निघतात. म्हणजे डायनोसॉर तोवर संपलेले होते. आकडा कोठून आला हे विचारायची सवय सहा हजारांपुरतीच ठेवून चालत नाही.

आणि शेवटी संग्रहालयाची इमारत. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही वास्तू १९१४ साली पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग झाला आणि १९२२ साली ती लोकांसाठी उघडली. तिच्या भिंतींचा करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट आहे आणि पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट. म्हणजे मनोरीच्या खडकाचा भाऊबंद! मुले त्याच भिंतीला टेकून डबा खात होती, असे आईने सांगितले. कार्यपत्रकात भिंतीसाठी चौकोन नव्हता.

या कुटुंबाला श्रद्धा सोडायला सांगण्याचा प्रश्नच येत नाही. थर एकावर एक साचतात, खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूविज्ञानाचा पहिला नियम १६६९ साली मांडणारे निकोलस स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. मुलीच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वहीत स्टेनोचे नाव लिहून घेतले आणि मालाडची खाण आज कुठे पाहायला मिळेल, असे विचारले. खाणी बहुतेक बुजल्या आहेत, वर इमारती आहेत. मनोरीचा किनारा मात्र ओहोटीला मोकळा असतो. तिथे भिंगे आणि एक चुंबक घेऊन जायचे ठरले आहे.