मातीचा किल्ला आणि टेबलावरील वेढा

दिवाळी आली कीं सोलापुरांत काय, पुण्यांत काय, अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. हळीव पेरून डोंगर हिरवा होतो, बुरुजावर मावळे चढतात, शिखरावर महाराज विराजमान होतात. या किल्ल्यांचें कौतुक करण्याची आपल्याकडे चाल आहे. परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. यंदा तें करण्याची पाळी आमच्यावर आली, कारण मित्रांच्या आग्रहावरून त्याच मावळ्यांनिशीं आम्ही एक ऐतिहासिक वेढा टेबलावर मांडून खेळलों.

हा खेळ युरोपांत जुना आहे. १८२४ सालीं प्रशियाच्या रायस्विट्झ नामक अधिकाऱ्यानें नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन त्याचे नियम बांधले, ते लष्करी शिक्षणासाठीं. १९१३ सालीं एच. जी. वेल्स यानें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून अशी लढाई घरोघरच्या दिवाणखान्यांत आणली. त्यांत फांसे नव्हते, स्प्रिंगच्या तोफेनें शिपाई खरोखरच पाडावयाचे. हें खेळून खऱ्या युद्धाचा मूर्खपणा लोकांस उमगेल अशी आशा वेल्सनें व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें.

आम्हीं विषय घरचाच निवडला: १८१८ च्या मे महिन्यांतील सोलापूरचा वेढा. पेशवाई मोडलेली, तरी पेशव्यांचें पायदळ आणि गणपतराव पानसे यांचा तोफखाना भुईकोटाच्या आश्रयास, समोर जनरल मन्रो. दुहेरी तट मातीचा केला, सिद्धेश्वराचा तलाव निळ्या रांगोळीचा, आणि पेठेसाठीं रिकाम्या काड्यापेट्या. ढाल-तलवारीचे मावळे पानशांच्या तोफांमागें उभे करणें म्हणजे दीडशें वर्षांची गफलत होय; पण बाजारांत दुसरे मिळेनात. मन्रोचे शिपाई म्हणून तेच मावळे लाल रंगवून घेतले.

पहिली अडचण ही कीं, मन्रो होण्यास कोणी तयार होईना. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. आमच्या मतें या खेळाचें सारें मोल येथेंच आहे. दिवाळीच्या किल्ल्यास शत्रूच नसतो. म्हणून तो कधीं पडत नाहीं, आणि म्हणूनच तो किल्ला कां बांधला हेंहि मुलांस कळत नाहीं. ज्याच्या वांट्यास मन्रो आला त्या आमच्या मित्रानें घटकाभर टेबलाकडे पाहिलें आणि म्हटलें, "आधीं पेठ. पेठेच्या आडोशानेंच तटापर्यंत जातां येईल." खऱ्या मन्रोनेंहि आधीं शिड्या लावून पेठच घेतली होती, आणि मग थोड्याच दिवसांत किल्ला स्वाधीन झाला. शाळेच्या पुस्तकांत एका ओळींत संपणारी ही गोष्ट आम्हांस त्या रात्रीं प्रथमच समजली.

पानशांची बाजू फांशांनीं बराच वेळ सांवरून धरली. घरांतील मंडळीहि दारांत उभी राहून पाहूं लागली. मग पेठ पडली. तोफ पुढें सरकविण्यास जागा पुरेना, तेव्हां मन्रोनें चार काड्यापेट्या बोटानें बाजूस लोटल्या आणि खेळ पुढें चालूं झाला. कोणीहि हरकत घेतली नाहीं. नियमांत हरकतीस स्थानच नव्हतें. वास्तविक पेठेंत माणसें राहत होतीं. आम्हीं तेथें एकहि बाहुली ठेविली नव्हती.

वेल्सला ही उणीव ठाऊक होती. आधींच्या १९११ सालच्या 'फ्लोअर गेम्स' या पुस्तकांत, खेळण्यांच्या दुकानांत शिपाईच फार, साधीं माणसें मिळत नाहींत, अशी त्याची तक्रार आहे. आमच्याकडे तशी तक्रार करावयास जागा नाहीं. दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं गवळण असते, बैलजोडी असते, विहिरीवर पाणी भरणारी बाई असते. आणि त्यांच्यावांचून किल्ला अपुरा आहे हें पांच वर्षांच्या पोरासहि कळतें. तेवढ्यापुरता तो मातीचा किल्ला आमच्या टेबलाहून सरस ठरतो, हें मान्य केलें पाहिजे.

दुसऱ्या डावास आम्हीं पेठेंत गवळण आणि कुंभार मांडले. मन्रो झालेल्या मित्रानें विचारलें, "यांना गोळा लागला तर गुण कोणाचे?" त्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद चालला, आणि डाव तसाच मांडून ठेवून मंडळी घरीं गेली.