शेरीच्या पिंपातील बारा वर्षे

साहित्यविषयक पत्रिकेत मद्याचे रसग्रहण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच देणे उचित. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्यांनी आजवर घेतली नाही त्यांनी हा लेख वाचून घेऊ नये. आमच्या बडोदेकर सभासदांना तर कायदाच आड येतो. परंतु आस्वाद म्हणजे काय, आणि तो आपण प्रामाणिकपणे घेतो की नाही, हा प्रश्न कवितेइतकाच पेल्यालाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुतण्याने परदेशातून येताना ग्लेनड्रोनाख या सिंगल माल्ट व्हिस्कीची, बारा वर्षे मुरलेली, एक बाटली आणली. तिच्या निमित्ताने हे विवेचन.

ग्लेनड्रोनाख ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशात, अॅबर्डीनशर परगण्यातील फोर्ग या गावी आहे. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवान्यावर मद्य गाळणे परवडण्याजोगे झाले, आणि चोरट्या भट्ट्यांचा काळ ओसरू लागला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२६ मध्ये, जेम्स अॅलर्डाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही डिस्टिलरी स्थापिली. सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या सातूपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यांतून गाळलेली व्हिस्की. गाळून निघते तेव्हा ती पाण्यासारखी रंगहीन असते. रंग आणि चवीचा मोठा भाग तिला नंतर ओक लाकडाच्या पिंपात मिळतो. म्हणून कोणते पिंप, हा येथे कळीचा प्रश्न होय.

ग्लेनड्रोनाखची ख्याती शेरीच्या पिंपांसाठी आहे. शेरी हे स्पेनच्या दक्षिणेकडील हेरेझ परिसरातील, वरून मद्यार्क घालून तीव्र केलेले द्राक्षमद्य. त्यातील ओलोरोसो हा प्रकार हवेच्या संपर्कात मुरतो. तो गडद, कोरडा आणि अक्रोडासारख्या चवीचा असतो. पेद्रो हिमेनेझ हा प्रकार उन्हात सुकविलेल्या द्राक्षांचा, काकवीसारखा दाट व गोड. आमच्या बाटलीतील व्हिस्की या दोन्ही प्रकारच्या पिंपांत मुरलेली आहे. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे स्कॉटलंडला आयतीच मिळत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा दंडक आला आणि हा ओघ आटला. आता व्हिस्कीसाठीच नवी पिंपे बनवून त्यांत काही काळ शेरी भरून ठेवतात. परंपरा म्हणून जे मिरविले जाते त्यातील बरेचसे असे मुद्दाम घडविलेले असते, हे रसिकाने जाणून असावे.

आता आस्वाद. निमुळत्या तोंडाचा पेला, बर्फ नाही, सोडा नाही. रंग जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा. स्कॉच व्हिस्कीत जळक्या साखरेचा रंग मिसळण्यास कायद्याची मुभा आहे; ग्लेनड्रोनाख मात्र तसे करीत नाही. त्यामुळे हा रंग पिंपाचाच.

गंधासाठी इंग्रजी समीक्षक नाताळच्या केकची उपमा देतात. आम्हीही प्रथम तीच घोकीत होतो. आमच्या सौभाग्यवती मद्याला स्पर्श करीत नाहीत, पण आग्रहाखातर त्यांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर डिंकाच्या लाडवाचा वास!" आम्ही पुन्हा वास घेतला. खारीक, मनुका, सुंठ, जायफळ, गुळाच्या पाकाची ऊब, सारे त्यात होते. जो केक आम्ही वर्षातून एकदा, शेजाऱ्यांकडे खाल्ला, त्याच्यापेक्षा जो लाडू घरोघरी थंडीत वळला जातो तो आमच्या जिभेला अधिक ओळखीचा असणार, हे उघड आहे. उसनी उपमा चुकीची नसते, पण ती आपल्या अनुभवाची साक्ष देत नाही.

चवीत आधी मनुकांचा गोडवा, मग संत्र्याच्या सालीची कडसर झाक, आणि शेवटी सुंठीचा तिखटपणा. पाण्याचे चार थेंब घातल्यावर गोडवा मोकळा होतो. उणीवही सांगितली पाहिजे. ४३ टक्के मद्यार्काच्या या व्हिस्कीचा मध्यभाग थोडा विरळ वाटतो. गंधाने दिलेले वचन जिभेवर पूर्णपणे पाळले जात नाही. शेवटी लाकडाचा तुरटपणा किंचित रेंगाळतो. शेरीच्या पिंपांत क्वचित आढळणारा गंधकाचा, विझलेल्या काडीसारखा वास आमच्या बाटलीत मात्र नव्हता.

वयाविषयी एक हिशेब मनोरंजक आहे. ही डिस्टिलरी १९९६ ते २००२ बंद होती. बाटलीवरील वय हे तिच्यातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. तेव्हा २०१३ मध्ये भरलेल्या बाटलीवर 'बारा वर्षे' असले, तरी आतली व्हिस्की १९९६ पर्यंतचीच, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची असणे भाग होते. त्या काळातील बाटल्यांची आठवण काढून आजच्या बाटलीला नावे ठेवणारे रसिक आहेत. त्यांचे म्हणणे निराधार नाही. पण आजची बाटली तिच्यावर लिहिलेल्या वयाशी प्रामाणिक आहे, तिला त्याच मापाने मोजावे.

प्रामाणिकपणाचा विषय निघालाच, तर एक जुनी गोष्ट नमूद करतो. आम्ही शासकीय सेवेत असताना एका डाकबंगल्यावर वरिष्ठांनी आपली मौल्यवान बाटली उघडली. साहेबांनी वाखाणणी केली. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. एक तरुण कारकून तेवढा म्हणाला, "मला जळक्या गुळासारखी लागते." सारे हसले, आम्हीही हसलो. आमच्या जिभेलाही तेच जाणवले होते. आम्ही ते सांगितले नाही, आणि पुढे कित्येक दिवस तो मुलगा त्या हसण्याचा विषय झाला. आजही त्याची आम्हांस खंत वाटते. मोठ्या नावाच्या ग्रंथापुढे आपण अनेकदा असेच वागतो.

म्हणून आमचा अभिप्राय स्पष्ट लिहितो. ग्लेनड्रोनाख बारा वर्षे ही गंधाने समृद्ध, चवीने सुखद, परंतु थोर म्हणता येणार नाही अशी व्हिस्की आहे. शेरीचे पिंप म्हणजे काय हे समजून घेण्यास तिच्याइतका चांगला आरंभ आम्हांस ठाऊक नाही. पहिला पेला सावकाश घ्यावा. दुसऱ्या पेल्यास जिभेची पारख मंदावते, आणि तिसऱ्यास समीक्षक उरतच नाही. ती बाटली अद्याप निम्मी शिल्लक आहे, ती याच कारणाने.