वेदनेचा ‘प्रतिसाद’ : हाडांत पसरलेल्या कर्करोगावरील उपचार-संशोधनाची एक चिकित्सा

स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुस यांचा कर्करोग पसरू लागला की तो पुष्कळदा हाडांचा आश्रय घेतो. मणके, कटिभाग, बरगड्या, मांडीचे हाड ही त्याची नेहमीची ठिकाणे. या अवस्थेत दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराकडून रोग समूळ जाण्याची अपेक्षा नसते. रुग्णाला कूस बदलता यावी, रात्रीची झोप मिळावी, एवढीच माफक अपेक्षा असते. गाठीचा आकार यंत्राने मोजता येतो. वेदना मात्र रुग्णाने सांगितल्यावाचून कळत नाही. या संशोधनाची मूळ सामग्री अशा रीतीने भाषिक आहे आणि म्हणूनच भाषेच्या अध्यापकाने तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहण्यास हरकत नसावी. कोणता उपचार श्रेष्ठ याचा निवाडा देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. ‘आराम पडला’ या विधानाचा अर्थ कोणी ठरवला आणि कसा, हा येथील प्रश्न आहे.

प्रारंभ अमेरिकेतील एका जुन्या चाचणीपासून करणे सोयीचे ठरेल. रेडिएशन थेरपी ऑन्कॉलॉजी ग्रुप या संस्थेच्या, हजाराहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या चाचणीचे निष्कर्ष टाँग आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. किरणांची मात्रा कमी दिवसांत द्यावी की अधिक दिवसांत, हा वादविषय होता. नव्वद टक्के रुग्णांना काही ना काही आराम पडला आणि अल्प मुदतीचे उपचार दीर्घ उपचारांइतकेच परिणामकारक ठरले, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, ब्लिट्झर यांनी याच आकडेवारीचे पुनर्विश्लेषण केले. वेदना पूर्ण थांबणे आणि त्याचबरोबर अफूजन्य औषधेही बंद होणे, अशी आरामाची कठोर व्याख्या त्यांनी स्वीकारली. पुन्हा किरणोपचार द्यावा लागला काय, हेही विचारात घेतले. निष्कर्ष उलटा आला : दीर्घ उपचार अधिक परिणामकारक! रुग्ण तेच होते, नोंदीही त्याच होत्या. बदलली ती व्याख्या. एकाच संहितेची दोन वाचने साहित्याच्या वर्गात कोणालाही खटकत नाहीत. येथे मात्र त्यावर रुग्णाचे दवाखान्यातील दिवस अवलंबून होते. शिवाय त्या चाचणीत वेदनेचे गुणांकन डॉक्टरांकडून झाले होते, हेही लक्षात घ्यावयास हवे. रुग्णाचे म्हणणे दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उतरले होते.

पुढील काळात हे हस्ताक्षर बदलले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि नेदरलँड्समधील मोठ्या चाचण्यांत रुग्णांनी स्वतः प्रश्नावल्या भरल्या. एकाच बैठकीत ८ ग्रे मात्रा देणे आणि अनेक बैठकींत अधिक मात्रा देणे, यांत वेदनाशमनाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. अमेरिकेतील २००५ची चाचणी (८९८ रुग्ण) आणि चाऊ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेले १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण यांनीही तेच सांगितले : एका बैठकीत ५८ टक्के, अनेक बैठकींत ५९ टक्के प्रतिसाद. दहा बैठकी म्हणजे आठवड्याला पाच याप्रमाणे दोन आठवडे. जिल्ह्याच्या गावाहून मोठ्या शहरात येऊन राहणाऱ्या कुटुंबाला या एका टक्क्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही एका बैठकीच्या उपचाराविरुद्ध एक आकडा सातत्याने पुढे केला जातो. तो पुनरुपचाराचा होय. वरील विश्लेषणात तो २० टक्के विरुद्ध ८ टक्के असा आहे. वरवर पाहता हे अपयशच वाटते. परंतु नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी आपल्याच २५ विरुद्ध ७ टक्के या आकड्यांविषयी एक मोलाची नोंद केली आहे. एकदाच किरण घेतलेल्या रुग्णांना पुनरुपचार अधिक लवकर दिला गेला आणि त्यापूर्वीची त्यांची वेदनाही तुलनेने कमी होती; म्हणजे डॉक्टरच त्यांना पुन्हा किरण देण्यास अधिक राजी असावेत. मूळ मात्राच थोडी असल्यावर असे होणे स्वाभाविक आहे. मग हा आकडा वेदनेचा म्हणावा की डॉक्टरांच्या मनःस्थितीचा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो दोहोंचे मिश्रण आहे आणि निव्वळ अपयशाचा पुरावा म्हणून त्याचा वापर करणे अयोग्य आहे.

व्याख्यांचा हा गोंधळ मिटावा म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सहमतीने निकष ठरले. २०१२ मध्ये ते सुधारण्यात आले. शून्य ते दहा या मापनश्रेणीवर वेदना शून्यावर येणे व वेदनाशामकांत वाढ न होणे म्हणजे पूर्ण प्रतिसाद. वेदना किमान दोन अंकांनी उतरणे व औषध न वाढणे, किंवा वेदना न वाढता औषध किमान २५ टक्क्यांनी कमी होणे, म्हणजे अंशतः प्रतिसाद. तुलनेची सोय झाली यात शंका नाही. पण दहावरून आठवर आलेला रुग्ण आणि तीनवरून एकवर आलेला रुग्ण आता एकाच रकान्यात बसले. पहिला अद्यापही विव्हळत असेल, तरी नोंदवहीत त्याने ‘प्रतिसाद’ दिलेला असतो. हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. प्रतिसाद देतो कोण? हाड, रुग्ण, की भरलेला तक्ता?

या दृष्टीने २०१४ची पुनर्किरणोपचाराची आंतरराष्ट्रीय चाचणी विशेष बारकाईने वाचावी अशी आहे. पूर्वी किरणोपचार झालेल्या ८५० रुग्णांपैकी निम्म्यांना एका बैठकीत ८ ग्रे, तर उरलेल्यांना अनेक बैठकींत २० ग्रे देण्यात आले. एका बैठकीचा उपचार १० टक्क्यांहून अधिक मागे पडता कामा नये, अशी अट आधीच ठरली होती. दोन महिन्यांनी, गटात नेमलेले सर्व रुग्ण हिशेबात धरल्यास प्रतिसाद २८ आणि ३२ टक्के येतो. फरकाची वरची सीमा ९.२, म्हणजे अट पाळली गेली. नियमानुसार मूल्यमापन होऊ शकलेलेच रुग्ण धरल्यास हेच आकडे ४५ आणि ५१ होतात, सीमा १३.२ वर जाते आणि अट मोडते. ४२५ पैकी २५८ रुग्णांचाच दुसऱ्या हिशेबात समावेश आहे. उरलेले १६७ पहिल्या हिशेबात छेदस्थानी आहेत, दुसऱ्यात कोठेच नाहीत. मृत्यूच्या छायेतील माणसे प्रश्नावली भरू शकत नाहीत, हे या संशोधनाचे अटळ दुःख आहे. त्याचा दोष संशोधकांना देता येत नाही. उलट दोन्ही आकडे छापण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला आहे. अशा लेखाचा सारांश वाचून थांबणाऱ्यांविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

मणक्यावर अचूक रोखलेल्या उच्च मात्रेच्या किरणांबाबतचा अलीकडचा वादही याच जातीचा आहे. २०२१च्या चाचणीत तीन महिन्यांनी पूर्ण प्रतिसाद ३५ टक्के, तर रूढ पद्धतीत १४ टक्के. २०२३च्या अमेरिकी चाचणीत मात्र नवी पद्धत ४१ टक्के आणि साधे ८ ग्रे ६० टक्के. मात्रा वेगळ्या, तुलनेचा उपचार वेगळा; आणि एकीकडे शून्याची, तर दुसरीकडे तीन अंकांच्या सुधारणेची कसोटी. ही टक्केवारी शेजारी शेजारी मांडून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

या निकषांमागचे एक गृहीत भारतीय वाचकाला विशेष जाणवते. रुग्णाला हवे तेवढे वेदनाशामक मिळते, असे ते गृहीत धरतात. १९८५च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानंतर आपल्याकडे मॉर्फिनची वाट बिकट झाली. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची प्रक्रिया सुलभ करण्याचा प्रयत्न झाला, तरी ते सर्वत्र सहज मिळते असे आजही म्हणता येत नाही. किरणोपचारानंतर एखाद्या स्त्रीला प्रथमच पुरेसे मॉर्फिन मिळाले आणि तिची वेदना आठवरून दोनवर आली, तर औषध वाढले म्हणून तो प्रतिसाद धरला जाणार नाही. याउलट साठा संपल्यामुळे तिची मात्रा २५ टक्क्यांनी घटली आणि विचारल्यावर तिने पूर्वीचाच ‘आठ’ सांगितला, तर व्याख्येप्रमाणे तिची नोंद ‘अंशतः प्रतिसाद’ अशी होईल.