लेव्हिनचं गवत, रास्कोल्निकोव्हचं घड्याळ

टॉलस्टॉय खरा कलावंत आणि दोस्तोयव्हस्की नुसता पसरट, की दोस्तोयव्हस्की खोल आणि टॉलस्टॉय जमीनदारी थाटाचा? भंडाऱ्यात आमच्या मित्रांमध्ये यावरून दोन पार्ट्या आहेत.

वाद जुनाच. नाबोकोव्ह अमेरिकेत शिकवताना टॉलस्टॉयला रशियन गद्यात पहिला नंबर द्यायचा आणि दोस्तोयव्हस्कीला सामान्य लेखक म्हणायचा. खुद्द टॉलस्टॉयचा कौल उलटा. १८९८च्या 'कला म्हणजे काय?' या पुस्तकात (साने गुरुजींनी ते मराठीत आणलं) त्यानं दोन छोट्या कथा सोडून स्वतःचं लेखन वाईट कलेत टाकलं आणि चांगल्या कलेच्या यादीत दोस्तोयव्हस्कीला बसवलं. म्हणजे मोठी नावं पुढे करून हा वाद मिटत नाही. पानं उघडावी लागतात.

'ॲना कॅरेनिना'मध्ये जमीनदार लेव्हिन शेतकऱ्यांसोबत दिवसभर गवत कापतो आणि त्यात हरवून जातो. हे वर्णन एका मित्राला खोटं वाटतं. त्याची आई रोवणीला जाते. तो म्हणतो, "कंबर मोडते तेव्हा कोणाची समाधी लागते बे?"

आक्षेप खरा आहे, पण टॉलस्टॉयला तो आधीच दिसला होता. लेव्हिनला व्यायाम हवाय, नाहीतर त्याचा स्वभाव बिघडतो, हे तो सांगून टाकतो. भाऊ तर चिमटाच काढतो: भारी वाईन आणि भाजलेली टर्की तिकडे शेतात पाठवणं जरा विचित्र दिसेल! मालकाचा आनंद मालकाचाच आहे, हे कादंबरीला ठाऊक आहे. मित्राचा आक्षेप लागू पडतो तो पुढे. जेवताना लेव्हिन म्हाताऱ्या मजुराशी त्याच्या घरच्या गोष्टी बोलतो, आणि टॉलस्टॉय त्या एका वाक्यात उरकतो. त्या घरात काय चाललंय, हे आपल्याला कळतच नाही.

आता 'गुन्हा आणि शिक्षा'. रास्कोल्निकोव्ह वडिलांचं घड्याळ गहाण टाकायला जातो. मागतो चार रूबल, म्हातारी कबूल करते दीड. त्यातूनही या महिन्याचं व्याज आधीच कापते, मागच्या गहाणाचंही कापते. हातात पडतात एक रूबल पंधरा कोपेक. पावसाच्या तोंडावर दागिना गहाण ठेवलेल्या घरात या हिशेबाला तळटीप लागत नाही. ज्याला पसरट म्हणतात, तो लेखक इथे पैपैचा हिशेब ठेवतो. त्या एका आकड्यात सगळी लाचारी आलेली आहे. शेवटी रास्कोल्निकोव्ह बदलतो ते मात्र मला घाईचं वाटतं. तिथे दोस्तोयव्हस्कीनं असा हिशेब दिलेला नाही.

आपण कोणत्या घरातून आलो, त्यावर आपल्याला आधी काय खुपतं ते ठरतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खुपलेली जागा पानावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. तोवर ती टीका नसते, नुसती पार्टी असते.