चित्र वारल्यांचं, गोष्ट कुणाची?

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वाशी-नेरूळ आणि डहाणू-तलासरी एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तरी नवी मुंबईतल्या मुलाला वारली माणूस ठाऊक असतो तो दोन त्रिकोणांचा, भिंतीवर रंगवलेला. त्या माणसाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या बालपुस्तकांची एक सवय याला कारण आहे: मुखपृष्ठावर तारपानाच आणि आत घासूनपुसून घेतलेली तात्पर्यकथा.

हे चित्र मुळात शोभेचं नव्हे. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते; त्याशिवाय लग्न लागत नाही. धान्याची देवी कणसरी. तिची कथा भगत घांगळीच्या साथीने गातात. म्हणजे इथे गोष्टीला सांगणारा आहे, वेळ आहे, कामही आहे. ‘एका गावात एक शेतकरी होता’ अशी सुरुवात केली की हे तिन्ही गळतं आणि कणसरी ‘अन्न वाया घालवू नये’ एवढ्या उपदेशापुरती उरते. जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रकाराला नाव मिळालं. कथा सांगणारा अजून ‘एक वारली लोककथा’ या शब्दांमागेच आहे.

वेगळं करता येतं. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६मध्ये काढलेल्या ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’मध्ये भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती हे गोंड कलावंतच पुस्तकाचे कर्ते आहेत, प्रत्येक झाडासोबत त्याची कथा आहे. २००८मध्ये त्याला बोलोन्याचा पुरस्कार मिळाला.

गोंडीतून मराठीत यायला अनुवाद लागतो. वारली बोली तर मराठीच्या इतकी जवळची, की थोड्या तळटिपांवर भागतं. तरीही आपण तिचे शब्द बदलून प्रमाण मराठी घालतो. कारण सांगितलं जातं, मुलांना कळणार नाही. ‘क्विडिच’ न अडखळता म्हणणाऱ्या मुलांना ‘धवलेरी’ जड जाईल, हे पटत नाही. आणि तेच पुस्तक तलासरीच्या आश्रमशाळेत पोचतं, तेव्हा तिथल्या मुलीला त्यात आपलं चित्र सापडतं, पण आजीचा शब्द सापडत नाही. आपली बोली छापण्याजोगी नाही, हा धडा ती न शिकवता शिकते.

म्हणून असं पुस्तक हाती आलं की तीन गोष्टी पाहाव्यात: सांगणाऱ्याचं नाव आहे का, गोष्ट कधी नि कशासाठी सांगतात ते दिलंय का, आणि निदान काही ओळी तरी तिच्या बोलीत आहेत का. तिन्ही नसतील, तर त्या पुस्तकात वारली फक्त नक्षीपुरते आहेत.